हात वर करणारी माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सांगलीला माझे एक स्नेही आहेत. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले. आम्ही दोघं एकाच वाचनालयात सकाळची वर्तमानपत्रं वाचायला जातो, तिथली ओळख. एके दिवशी ते म्हणाले, "भाई, येत्या रविवारी आमच्या मंडळीत या. उपासना झाली की वार्षिक सभा आहे. तुम्ही सभासद नाही, तेव्हा मागच्या बाकावर बसावं लागेल. पण बघा तरी."

'मंडळी' हा शब्द तुम्ही-आम्ही 'काय मंडळी, चहा घेणार ना?' असा वापरतो. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ चर्च. चर्चची इमारत नव्हे, तिच्यात जमणारी माणसं. हा अर्थ मला फार आवडतो. आमच्यातही 'जमात' म्हटलं की माणसंच डोळ्यांपुढं येतात, भिंती नाहीत.

त्या रविवारी मी जरा लवकरच पोचलो. भाड्याची जागा, वर पत्रा, आत दहा-बारा बाक. एक मावशी पिण्याच्या पाण्याचा माठ भरत होत्या. एक मध्यमवयीन गृहस्थ ओल्या फडक्यानं बाक पुसत होते. मी विचारलं, "पाळकसाहेब आले का?" ते म्हणाले, "मीच. बसा ना. आमचे डीकन आज रिक्षा घेऊन स्टेशनवर अडकलेत. तोवर म्हटलं, आपणच पुसून घेऊ."

ही मंडळी बाप्तिस्ट वळणाची. म्हणजे काय ते पुढं सांगतोच. पण ते फडकं बघून मला माझे आजोबा आठवले, आणि आजचं हे भाषण खरं म्हणजे तिथूनच सुरू होतं.

आम्ही मुलाणी. साताऱ्याच्या बाजूचं आमचं गाव. गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट यांच्या रांगेतच मुलाणी बसायचा. मशिदीत दिवाबत्ती करायची, गावात बकरं कापायचं असेल तर ते हलाल करून द्यायचं, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपलं बलुतं मागायचं. देवळात गुरव, पंचांग सांगायला जोशी, मशिदीत मुलाणी. या तिघांचे देव वेगळे, पण कायदा एकच: बाप गेला की मुलगा. आजोबांना अजान सुरेल देता येते का, हे गावानं कधी विचारलं नाही. त्यांना ती सुरेल देता येत नव्हती, हे मी घरचाच म्हणून सांगतो. पण ते मुलाणी होते, कारण त्यांचे वडील मुलाणी होते. महाराची वेसकरी तशीच. फरक इतकाच की मुलाण्याच्या वाट्याला मान थोडा होता आणि महाराच्या वाट्याला नुसती राबणूक. मुंबई राज्यानं ही कनिष्ठ गाववतनं कायद्यानं रद्द केली ती १९५८ साली.

अशा मुलखात, जिथं देवाच्या दारातला झाडूसुद्धा वारसाहक्कानं मिळायचा, तिथं कुणी तरी येऊन सांगितलं, "तुमच्यातला पुढारी तुम्हीच निवडा, हात वर करा." ही गोष्ट आपल्या इतिहासात नीट सांगितली गेलेली नाही. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, धर्मांतरं केली, हे आपण सांगतो. कुणी कौतुकानं, कुणी रागानं. त्यांनी आणलेली सभा, मतदान आणि हिशेबाची वही यांच्याबद्दल मात्र आपण बोलत नाही.

बाप्तिस्टांची रीत समजायला सोपी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी काही इंग्रज माणसं राजाच्या चर्चला कंटाळून हॉलंडला गेली. त्यातल्या जॉन स्मिथ नावाच्या धर्मगुरूनं १६०९ साली ॲमस्टरडॅममध्ये असं ठरवलं की तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडून कुणी ख्रिस्ती होत नाही. ज्याला कळतं, जो स्वतःच्या तोंडानं 'माझा विश्वास आहे' म्हणतो, त्यालाच बाप्तिस्मा. या एका गोष्टीतून बाकीचं सगळं ओघानं आलं. प्रत्येक सभासद स्वतः होकार देऊन आत आलेला, तेव्हा प्रत्येकाला मत. वर बिशप नाही, राजा नाही, मंडळ्यांवर हुकूम चालवणारी मोठी सभा नाही. एका गावची मंडळी हीच अखेरची सत्ता. ती आपला पाळक स्वतः बोलावते आणि पटलं नाही तर निरोपही देते.

पदं दोनच: पाळक आणि डीकन. पाळकानं शिकवायचं, आजाऱ्याला भेटायचं, बाप्तिस्मा द्यायचा, प्रभुभोजनाची भाकर मोडायची. डीकनानं बाकी सगळं बघायचं. पैसा, गोरगरीब, विधवा, भाडं, वीजबिल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानात वाढणारा, टहल करणारा असा आहे. मराठी बायबलात त्याला सरळ 'सेवक' म्हटलंय. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याची गोष्ट आहे. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजचं अन्न वाटताना ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडं दुर्लक्ष होऊ लागलं, कुरकुर सुरू झाली. तेव्हा प्रेषितांनी लोकांनाच सांगितलं, तुमच्यातले सात जण निवडा. म्हणजे धर्मातलं हे पद भाकरीच्या वाटपावरून झालेल्या भांडणातून आलं. दर्ग्यातल्या माणसाला आम्ही 'खादिम' म्हणतो. अर्थ तोच. मात्र खादिम बहुधा घराण्यानं होतो, डीकन निवडून येतो.

आता हे बाप्तिस्ट आणि आपला मराठी मुलूख यांचा संबंध मोठा गमतीचा आहे. विल्यम कॅरी हा इंग्लंडातला चांभारकाम करणारा माणूस, बाप्तिस्ट. तो बंगालमध्ये श्रीरामपूरला येऊन राहिला आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकवू लागला. मदतीला पंडित वैजनाथ शर्मा. १८०५ साली त्यानं मराठीचं व्याकरण छापलं, त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आणलं, १८१० साली कोश काढला. मराठी छपाईचा इतिहास लिहिताना कॅरीला वगळून चालत नाही.

पण मला त्याच्या कोशापेक्षा त्याचं घर अधिक खुणावतं. कॅरी चांभार, मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड छापखान्यातला माणूस. या तिघांनी कुटुंबकबिल्यासह एकत्र बिऱ्हाड केलं. मिळकत एकाच थैलीत. कारभार आळीपाळीनं. आणि दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसून आठवड्याभरातले रुसवेफुगवे बोलून मोकळं व्हायचं, म्हणजे रविवारी एकत्र बसताना मनात काही राहायला नको. (हा नियम साहित्य संमेलनांच्या स्वागत समित्यांना लावावा, अशी माझी नम्र सूचना आहे.) त्यांचा पहिला बंगाली सभासद कृष्ण पाल हा सुतार. त्याचा बाप्तिस्मा १८०० सालच्या डिसेंबरात हुगळी नदीत झाला. १८०३ साली गोकुळ नावाचा एक सभासद वारला, तेव्हा प्रश्न आला, खांदा कोण देणार? जातीबाहेर गेलेल्याला जातीतलं कुणी शिवेना. शेवटी चौघे पुढं झाले: मार्शमन, कॅरीचा मुलगा फेलिक्स, जन्मानं ब्राह्मण असलेला भैरव आणि जन्मानं मुसलमान असलेला पीरू. त्या दिवशीचा श्रीरामपूरचा रस्ता मी पुष्कळदा डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करतो.

मराठीत पुस्तकं छापणारे हे बाप्तिस्ट आपल्या देशावर मात्र मंडळी उभारायला आले नाहीत. त्याचं कारण एका जहाजावर सापडतं. १८१२ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेत सेलम इथं पाच तरुणांना दीक्षा देऊन हिंदुस्थानकडं पाठवलं. ॲडोनायरम जडसन, लूथर राइस, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि सॅम्युएल न्यूएल. पाचही जण काँग्रिगेशनल पंथाचे. हे लोकही बिशप मानत नाहीत, मंडळी स्वतंत्र मानतात, पाळक मतानं निवडतात. बाप्तिस्टांशी त्यांचा मतभेद प्रामुख्यानं लहान मुलांच्या बाप्तिस्म्याचा. जडसनला वाटलं, कलकत्त्याला कॅरीची गाठ पडणार, वादात आपण कमी पडायला नको. म्हणून तो प्रवासातच या प्रश्नाचा अभ्यास करत बसला आणि अभ्यास करता करता त्याला बाप्तिस्टांचंच पटलं! कलकत्त्यात सप्टेंबरमध्ये त्यानं पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. मागोमाग राइसनं घेतला. जडसन ब्रह्मदेशात गेला. हॉल आणि नॉट आपल्या जुन्या मतावर राहिले आणि १८१३ सालच्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्यांनीच अमेरिकन मराठी मिशन सुरू केलं. ते १८३१ साली अहमदनगरला स्थिरावलं आणि सातारचं राज्य खालसा झालं त्या सुमारास साताऱ्यात आलं.

म्हणजे साताऱ्याला जी मंडळी मिळाली ती बाप्तिस्टांच्या सख्ख्या चुलतभावाची. कारभार तसाच: सभासदांची सभा, निवडलेला पाळक, निवडलेले डीकन. फक्त मुलांना बाप्तिस्मा देणारी.

कागदावरची रीत आणि जमिनीवरची रीत यांत अंतर असतंच. सुरुवातीला पाळक अमेरिकन साहेबच असायचा. बॉस्टनच्या कचेरीतले सचिव रूफस अँडरसन यांचं म्हणणं होतं की हे चुकीचं आहे. देशी मंडळीला देशी पाळक हवा; तिनं आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा, आपला प्रसार आपण करावा. १८५४-५५ साली ते स्वतः इकडं येऊन गेले. १८५४ च्या अखेरीस नगरच्या मंडळीचे दोन भाग झाले आणि हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोघेही जन्मानं ब्राह्मण. आणि पुढं ज्या खेड्यापाड्यांतून मंडळ्या वाढल्या त्यातले बहुसंख्य सभासद महार-मांग समाजातून आलेले. एकाच प्याल्यातून प्रभुभोजनाचा द्राक्षरस घ्यायचा. त्या प्याल्याचा धाक किती मोठा होता, हे आज आपल्याला कळणार नाही. कुणी तो तोंडाला लावताना थबकलं असेल, कुणी घरी जाऊन रडलं असेल. पण प्याला फिरत राहिला.

लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. त्याच्या कितीतरी आधी, ज्यांना गावच्या चावडीवर उभं राहायची मुभा नव्हती अशी माणसं आपल्या छोट्या सभेत ठराव मांडत होती, अनुमोदन देत होती, शिस्तभंगाबद्दल एखाद्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं की नाही यावर मत देत होती. मी याला क्रांती म्हणणार नाही. कारण त्या सभेच्या खिशात पैसे नव्हते. गरीब सभासद पाळकाचा पगार पुरा करू शकत नसत. उरलेला भाग मिशन घाली. आणि ज्याच्या हातात पगार, त्याचं बोलणं ठरावापेक्षा जड. हात सभासदांनी वर करायचा, पण डोळे साहेबाकडं. 'पाळकसाहेब' या शब्दातला साहेब तिथूनच आला असावा, असा माझा आपला तर्क. आमच्याकडं पेशइमामाचंही तसंच असायचं. जमात म्हणायची आम्ही नेमलाय, पण त्याची रोजची भाकरी ज्याच्या घरातून जास्त यायची, त्याच्या घरचा निकाह तो कधी उशिरा लावत नसे.

आता सांगलीकडं येतो. आजचे सातारा आणि सांगली हे जिल्हे १९४९ पर्यंत वेगळे नव्हते. त्या साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यात पटवर्धनांची संस्थानं आली, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. ख्रिस्ती मंडळ्यांच्या नकाशावर मात्र ही दोन गावं फार पूर्वीच वेगळी झाली होती. नगरच्या मिशनमधले रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापूरला गेले. शाळांवर किती भर द्यावा यावरून त्यांचं आणि अँडरसन यांचं बिनसलं. वाइल्डर हट्टी. त्यांनी काही वर्षं एकट्यानं काम चालवलं आणि १८७० साली ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनकडं सोपवलं. सांगली-मिरजेचं काम पुढं त्याच फांदीवर आलं. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली सांगलीला आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेला रुग्णालय उघडलं, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्यासारखी कितीतरी मुसलमान पोरं मिरजेच्या दवाखान्यांतच पहिल्यांदा रडली.

प्रेस्बिटेरियन म्हणजे वडिलांची पद्धत. इथले 'वडील' म्हणजे बाप नव्हे, मंडळीनं निवडलेले जाणते. पाळक आणि वडील मिळून मंडळी चालवतात. पण त्यांच्या वर अनेक मंडळ्यांची एक सभा असते, आणि पाळक त्या वरच्या सभेला बांधील. गावची मंडळी नाराज झाली म्हणून त्याला सकाळी उठून काढता येत नाही. तसंच, त्यानं गावात दांडगाई केली तर दाद मागायला वर जागा असते. सातारच्या पद्धतीत स्वातंत्र्य जास्त, सांगलीच्या पद्धतीत आधार जास्त. गंमत अशी की यातलं काहीही कुणी निवडलेलं नव्हतं. मिशनांनी आपापसात मुलूख वाटून घेतले होते. तुमचं गाव ज्याच्या वाटणीला, त्या पद्धतीचे तुम्ही. निवडणुकीची पद्धतसुद्धा वतनासारखीच पदरात पडली, म्हणा ना.

या सगळ्याला साताऱ्यातच एका कवीनं धक्का दिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ सालच्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची वीसेक वर्षं ते अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीत राहिले, पाळक म्हणून दीक्षित झाले, 'ज्ञानोदय' लिहिला, शेकडो पदं रचली. ती पदं आजही मराठी मंडळ्यांत दर रविवारी गायली जातात. आणि १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला. लक्ष्मीबाईंना घेऊन साताऱ्याला आले आणि तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' भरवला.

दरबार म्हणजे नेमकं काय? टिळकांच्या मनात ख्रिस्ताच्या शिष्यांचा एक बंधुवर्ग होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले असतील आणि न घेतलेलेही असतील. ख्रिस्ताला गुरू मानतो एवढं पुरे. पगारी कुणी नाही, परदेशी मालक कुणी नाही. भजन-कीर्तनाची भाषा इथली.

बाप्तिस्टांची रीत आणि टिळकांचा दरबार शेजारी ठेवून पाहा. दोघांनाही जन्मानं मिळालेला धर्म नको, वरून लादलेला पुढारी नको. पण बाप्तिस्ट म्हणतो, दार नीट बांधा, आत येणाऱ्यानं विचारपूर्वक पाण्यात उतरून यावं, म्हणजे आतल्या प्रत्येकाचं मत खरं. टिळक म्हणाले, दारच काढून टाका. कवी म्हणून माझं मन टिळकांकडं धावतं. मीही कितीतरी दारांच्या उंबऱ्यावर उभा राहिलेला माणूस आहे; मराठीत लिहितो म्हणून एका बाजूनं आणि नाव असं म्हणून दुसऱ्या बाजूनं. दार नसलेलं घर कुणाला नको असतं?

पण दार नसलेल्या घरात यादी नसते. यादी नसली की सभा नाही, सभा नसली की पुढचा माणूस कोण हे ठरवायची सोय नाही. दरबाराचा सगळा डोलारा एका माणसाच्या जिवावर होता. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबार त्यांच्यामागं उभा राहू शकला नाही. दोन वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. लक्ष्मीबाईंनी पुढं 'स्मृतिचित्रे' लिहिली म्हणून त्या माणसाचा भाबडेपणा, संताप आणि उदारपणा आपल्याला जवळून दिसतो. ज्या मंडळ्यांना टिळक मिशनच्या ओंजळीनं पाणी पिणाऱ्या म्हणून कंटाळले होते, त्या मात्र डीकनांच्या आणि वहीच्या जोरावर चालू राहिल्या. मला ही गोष्ट आवडत नाही, पण ती तशी आहे.

आणखी एक सांगावंसं वाटतं. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं कटगुण. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो देव आणि माणूस यांच्यातला दलाल नको म्हणून, आणि त्या समाजानं पुढं सातारा जिल्ह्यात चांगलं मूळ धरलं. टिळक गेले त्याच १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. या सगळ्यांची एकमेकांशी किती देवाणघेवाण होती, हे अभ्यासकांनी शोधावं. मला एवढंच दिसतं की त्या पन्नास वर्षांत या जिल्ह्यात 'मधला माणूस कशाला?' हा प्रश्न हवेतच होता.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एका युनायटेड चर्चमध्ये आल्या. म्हणजे सातारा आणि सांगली पुन्हा एका छत्राखाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्थांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. त्यात हे युनायटेड चर्च होतं, इंग्रजांच्या वळणाचं अँग्लिकन चर्च होतं आणि उत्तर भारतातल्या काही बाप्तिस्ट मंडळ्याही होत्या. सगळे बाप्तिस्ट आले नाहीत. नागालँडमध्ये तर बहुसंख्य लोक बाप्तिस्ट आहेत; ते आपल्या वाटेनंच राहिले. जे आले त्यांच्यासाठी तोड काढली, ती अशी की तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही रीती सारख्याच मान्य. १८१२ साली जहाजावर सुटला नाही तो प्रश्न १९७० साली 'दोन्ही चालेल' म्हणून मिटला. त्या बदल्यात ज्यांनी कधी बिशप पाहिला नव्हता त्यांना बिशप मिळाला. तो परिषदांमधून निवडला जातो, हे खरं. पण गावच्या मंडळीच्या हातातून काही तरी वर गेलं, हेही खरं.

आणि या सगळ्यांच्या वर धर्मादाय आयुक्त! इमारत, जमीन, शाळा यांची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली. 'विश्वस्त' हे पद ना बायबलात आहे, ना कुराणात, पण आज भांडण होतं ते त्याच्यावरून. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीचा असाच एक दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ साली न्यायालयानं सांगितलं की नुसता विलीनीकरणाचा ठराव करून एका न्यासाची मालमत्ता दुसऱ्याकडं जात नाही. आमच्या मशिदी वक्फ मंडळाकडं, त्यांची चर्चं आयुक्तांकडं; तारखा दोघांनाही सारख्याच पडतात. आमच्या जमातीत एकदा अध्यक्षपदावरून इतकं ताणलं गेलं की एका ईदला दोन वेगळ्या वेळांना नमाज झाली. मी दोन्ही वेळा गेलो. दोन्हीकडच्या लोकांनी माझ्याशी पुढं चार महिने नीट बोलणं केलं नाही.

तर, ती वार्षिक सभा.

उपासना संपली. बाहेरून आलेले पाहुणे उठले, पाळकही उठून माझ्या शेजारी मागच्या बाकावर येऊन बसले. कारण पहिला विषय त्यांच्याच मानधनाचा होता, आणि त्यावर चर्चा चालू असताना त्यांनी पुढं बसायचं नाही, असा तिथला नियम. खुर्चीवर माझे शिक्षक मित्र. रिक्षावाले डीकन एव्हाना आले होते, खाकी शर्टातच. त्यांनी वही उघडून जमाखर्च वाचला. भाडं, वीज, हार्मोनियमची दुरुस्ती, एका विधवा बहिणीला महिना ठरलेली मदत, दोन मुलांची शाळेची फी. माठ भरणाऱ्या मावशी मधेच उठून म्हणाल्या, "हार्मोनियमला एवढे कसे लागले? पावती दाखवा." डीकन कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "आहे मावशी, डब्यात आहे." डबा आला. पावती निघाली. मावशींनी ती लांब धरून वाचली, मान हलवली आणि खाली बसल्या.

मग मानधन वाढवण्याचा ठराव. एक तरुण म्हणाला, महागाई वाढलीय, द्यायलाच हवं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, देऊ, पण आणणार कुठनं? जरा वेळ तापली सभा. माझ्या शेजारी पाळक खाली बघून बसले होते. हातात तेच सकाळचं फडकं, त्याची घडी घालत होते, मोडत होते. मला त्यांच्याकडं बघवेना.

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा," माझे मित्र म्हणाले.

हात वर झाले. डीकननी बोटानं मोजले. सतरा. मग विरुद्ध बाजूचे मोजले. चौदा. वहीत लिहायला गेले आणि थांबले. "सभासद तीसच आलेत," ते म्हणाले, "एकतीस कसे झाले?"

पुन्हा हात वर करायला सांगितले. तिसऱ्या बाकावर आईच्या कुशीत बसलेल्या, आठेक वर्षांच्या एका मुलीनं आपला हात सगळ्यांच्या वर ताणून धरला होता. डीकन तिच्याजवळ गेले. दोन्ही हातांनी तिचा हात हळूच खाली घेतला.

"तुझा अजून नाही, बाळा," ते म्हणाले. "तू मोठी हो, ठरव, मग."

वहीत सोळाविरुद्ध चौदा असं लिहिलं गेलं.